खाडीची पंगत

ठाण्याहून कल्याणकडे जाणारी धीमी लोकल स्थानक सोडल्यावर थोड्याच वेळात एका पुलावरून जाते. पुलाखाली ठाण्याची खाडी असते. पुढे कळवा आणि मुंब्रा ही स्थानके मागे पडली, की डाव्या हातास उल्हास नदीचे रुंद खाडीपात्र दिसू लागते आणि ते दिवा, कोपर, डोंबिवलीपर्यंत कमीअधिक अंतरावरून आपली सोबत करते. १८५३ साली १६ एप्रिल रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५४ साली, लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणला पोहोचला. तेव्हापासून आजवर कोट्यवधी प्रवाशांनी ही खाडी ओलांडली असेल. परंतु ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा काळा चिखल आणि त्याच्या कडेने उभी असलेली खुजी, हिरवी झाडी यांपलीकडे तेथे काही पाहण्यासारखे आहे, असे फार थोड्यांना वाटले असेल.

वस्तुतः त्या चिखलात दिवसातून दोनदा एक मोठी पंगत बसत असते. तीत पाने वाढणारे आहेत, जेवणारे आहेत आणि उष्टी काढणारेही आहेत. ही पंगत कशी चालते, तिच्यातील अन्न कोठून येते आणि ती मोडली तर काय होते, हे या पाठात आपण पाहू.

प्रथम जागेची ओळख करून घेऊ. सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करीत वसईजवळ समुद्रास मिळते. ठाण्याजवळ तिच्या पाण्याचा एक अरुंद फाटा दक्षिणेकडे वळून ठाण्याच्या खाडीस जोडला जातो. ही खाडी सुमारे २६ किलोमीटर लांबीची असून पुढे मुंबई बंदराच्या पाण्यात मिसळते. भरतीला समुद्राचे खारे पाणी आत शिरते; पावसाळ्यात डोंगरांवरील गोडे पाणी गाळ घेऊन खाली येते. अशा रीतीने खारे व गोडे, वाहते व साचलेले, भरतीचे व ओहोटीचे अशा सर्व पाण्यांचा येथे मेळ पडतो.

अशा जागी झाडाने जगावे तरी कसे? चिखलात हवा जवळजवळ नसते आणि पाण्यात मीठ असते. परंतु तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा यांसारख्या खारफुटीच्या झाडांनी या दोन्ही अडचणींवर तोड काढली आहे. तिवराच्या मुळांना फुटलेली बोटाएवढी टोके चिखलातून सरळ वर डोकावतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. अंगात शिरलेले जादा मीठ तिवर आपल्या पानांवाटे बाहेर टाकतो; कोरड्या दिवसांत त्याच्या पानावरून बोट फिरविले तर मिठाचे कण हातास लागतात. जेथे इतर झाडे उभीही राहू शकत नाहीत, तेथे ही झाडे सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतील कर्बवायू यांपासून आपले अन्न तयार करतात. या पंगतीचे मुख्य यजमान तेच होत.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. तिवरांची एवढी दाट राई असूनही तिची हिरवी पाने खाणारे प्राणी थोडेच असतात. पाने जाड व खारट असतात. कित्येकांना तुरट चव असते. मग झाडाने साठविलेले अन्न इतरांपर्यंत पोहोचते कसे? याचे उत्तर हिरव्या पानात नाही; ते गळून पडलेल्या पानात आहे.

पिवळे पडलेले पान चिखलात पडते. भरतीचे पाणी त्यास हलविते, खेकडे त्याचे तुकडे करतात आणि काही पाने ओढून आपल्या बिळांत नेतात. त्या तुकड्यांवर डोळ्यांना न दिसणारे जीवाणू व बुरशी वाढू लागतात. पान कुजू लागते असे आपण म्हणतो. परंतु हे कुजणे म्हणजे नाश नव्हे, तो एक प्रकारचा स्वयंपाकच होय. जे पान ताजे असताना कोणाच्या पचनी पडत नव्हते, त्यावर जीवाणूंचा थर चढला, की त्यातील प्रथिनांचे प्रमाण वाढते. कोळंबीची पिले, लहान खेकडे, किडे व शंखातील जीव तो कण गिळतात, त्यावरील जीवाणू पचवितात आणि उरलेला चोथा विष्ठेवाटे टाकून देतात. त्या चोथ्यावर पुन्हा जीवाणू वाढतात आणि पुन्हा कोणीतरी तो कण गिळतो. एकाच पानावर अशा कित्येक पंक्ती उठतात. अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांताच्या खारफुटीत विल्यम ओडम आणि एरिक हील्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९७० सालच्या सुमारास पुष्कळ जलचरांच्या पोटांतील अन्न तपासले आणि त्यांपैकी अनेकांचे पोषण अखेर या कुजणाऱ्या पानांवरच अवलंबून आहे, असे दाखवून दिले. तेव्हापासून खारफुटीच्या पानगळीकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलली.

या कणांवर वाढलेली कोळंबी आणि खेकडे मोठ्या माशांच्या, बगळ्यांच्या व खंड्या पक्ष्याच्या तोंडी पडतात. चिखलावर उड्या मारीत चालणारा निवटा हा मासा असूनही ओहोटीच्या वेळी पाण्याबाहेर हिंडून आपले भक्ष्य टिपतो. त्याच्यावर बगळ्याचा डोळा असतो. लांब चोचीचे पक्षी चिखलात खोल रुतलेले किडे काढतात, तर आखूड चोचीचे पक्षी वरवरचे जीव वेचतात. त्यामुळे एकाच चिखलावर शेजारी शेजारी उभे राहूनही त्यांच्यात फारसे भांडण होत नाही. आकाशात घार घिरट्या घालीत असते. रात्री तिवरांच्या राईतून कोल्हा खेकडे शोधीत फिरतो. आणि या पंगतीतच आपलेही पान मांडलेले आहे. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यासारख्या वस्त्यांतील कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या या खाडीवर जगत आले. पाग टाकून त्यांनी बोईट धरले, चिखलात हात घालून चिंबोऱ्या व निवट्या काढल्या. बाजारात कोळिणीच्या पाटीतील चिंबोरी विकत घेणाऱ्या गृहिणीच्या मनातही येत नाही, की आपण तिवराच्या एका पिवळ्या पानाचेच रूपांतर घरी नेत आहोत.

एका जीवाने दुसऱ्यास आणि दुसऱ्याने तिसऱ्यास खावे, या क्रमास अन्नसाखळी म्हणतात. परंतु कोळंबीला मासाही खातो, बगळाही खातो आणि माणूसही खातो. म्हणून अशा अनेक साखळ्या एकमेकींत गुंतून त्यांचे अन्नजाळे बनते. हे सर्व सजीव आणि ज्यांच्यावाचून त्यांचे चालत नाही ते पाणी, चिखल, हवा व ऊन, या सर्वांचे मिळून जे एक कुटुंब होते, त्यास परिसंस्था असे नाव आहे. आर्थर टान्स्ली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने ही कल्पना १९३५ साली मांडली.

या कुटुंबातील सर्व नाती खाण्याचीच असतात असे मात्र नाही. खेकड्याने उकरलेल्या बिळांतून चिखलात हवा व पाणी खेळते आणि त्याचा लाभ तिवराच्या मुळांना होतो. उलट तिवराच्या मुळांच्या जाळीत लहान मासे व कोळंबीची पिले मोठ्या माशांपासून सुरक्षित राहतात. झाड आश्रय देते आणि आश्रित त्याची जमीन भुसभुशीत ठेवतो. देण्याघेण्याचा हा व्यवहार कोणी शिकविलेला नाही. परंतु तो चुकत नाही.

आता पंगतीच्या हिशोबाकडे वळू. अन्न म्हणजे साठविलेली ऊर्जा होय आणि ती मुळात सूर्याची असते. झाडावर पडणाऱ्या उन्हाचा फार थोडा भाग अन्नात साठतो. ते अन्न खाणारा प्राणीही खाल्लेले सर्व अंगी लावीत नाही. तो हिंडतो, श्वास घेतो, शत्रूपासून पळतो. यांत बरीच ऊर्जा खर्च होऊन उष्णतेच्या रूपाने निघून जाते. काही भाग न पचताच बाहेर पडतो. उरते ते त्याच्या शरीराच्या वाढीस लागते आणि तेवढेच त्याला खाणाऱ्याच्या वाट्यास येते.

हा हिशोब प्रथम नीट मांडण्याचा मान रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाकडे जातो. मिनेसोटा प्रांतातील एका लहानशा, दलदलीने वेढलेल्या तळ्याचा त्याने अनेक वर्षे अभ्यास केला. तळ्यातील शेवाळ किती, ते खाणारे किती, त्यांना खाणारे किती, याची मोजदाद त्याने केली. त्याचा लेख प्रथम परीक्षकांच्या पसंतीस उतरला नाही. पुढे तो स्वीकारला गेला. परंतु १९४२ सालच्या ऑक्टोबरमध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा लिंडमन या जगात नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या अवघ्या २७व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला होता. आज जगभर शिकविला जाणारा ऊर्जेचा जमाखर्च त्याच्या या लेखावर उभा आहे.

सामान्यतः एका पायरीवरील ऊर्जेपैकी सुमारे एक दशांश ऊर्जा पुढच्या पायरीवर पोहोचते. हे प्रमाण सर्वत्र नेमके तेवढेच नसते. परंतु समजण्यासाठी ते सोयीचे आहे. समजा, वनस्पतींजवळ ऊर्जेचे १०,००० भाग आहेत. त्यांवर जगणाऱ्या कोळंबीच्या अंगी १,००० भाग लागतील. कोळंबी खाणाऱ्या माशास १०० भाग मिळतील आणि मासा खाणाऱ्या घारीच्या वाट्यास केवळ १० भाग येतील. म्हणूनच खाडीवर कोळंबी अगणित, मासे पुष्कळ आणि घारी मोजक्या असतात. घारी कमी दिसतात याचे कारण त्या दुबळ्या आहेत हे नव्हे. त्या पंगतीच्या शेवटच्या टोकास बसल्या आहेत, हे होय.

मग याच खाडीत रोहित पक्षी हजारोंच्या थव्यांनी कसे दिसतात, असा प्रश्न तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे आणि उत्तरही याच हिशोबात आहे. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे येथे येतात आणि पावसाळा जवळ आला, की बहुतेक परततात. त्यांच्यात मोठा रोहित आणि लहान रोहित अशा दोन जाती असतात. लहान रोहित आपली वाकडी चोच पाण्यात उलटी धरतो आणि जिभेने पाणी आतबाहेर करून चोचीतील गाळणीत सूक्ष्म शेवाळ गाळून घेतो. म्हणजे तो साखळीच्या पहिल्या कडीवरच हात टाकतो. मधले हिस्सेदार नसल्यामुळे त्याच्या वाट्यास मोठा घास येतो आणि इतक्या पक्ष्यांचे पोषण होऊ शकते. त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही त्याच्या अन्नातील रंगद्रव्यांतून येतो. पिले आरंभी करड्या रंगाची असतात. हे पक्षी येथे घरटी करीत नाहीत. त्यांच्या विणीची प्रसिद्ध जागा कच्छच्या रणात आहे. ठाण्याच्या चिखलात साठविलेले ऊन अशा रीतीने पंखांवर बसून गुजरातपर्यंत प्रवास करते.

येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ऊर्जा एकदा खर्च झाली, की परत येत नाही. म्हणून सूर्याने ती रोज नव्याने द्यावी लागते. परंतु ज्या द्रव्यांनी शरीर घडते, ती द्रव्ये पुन्हा पुन्हा वापरली जातात. ठाण्याच्या वायव्येस येऊरच्या डोंगरावर चितळ गवत व पाला खाते, बिबट्या चितळास खातो आणि एक दिवस बिबट्याही मरतो. मुंग्या, किडे, बुरशी व जीवाणू त्याचे शरीर मातीस मिळवितात आणि त्याच मातीतून पुन्हा गवत उगवते. डोंगरावरील मातीचा काही अंश पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांतून खाडीत येतो आणि तिवराचे खत होतो. डोंगर आणि खाडी ही दोन निराळी घरे दिसली, तरी त्यांचे कोठार बऱ्याच अंशी एकच आहे.

इतका नेटका चाललेला हा व्यवहार बिघडतो कसा? दुर्दैवाने याचे उदाहरणही आपणांस दूर शोधावे लागत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, उल्हासनगर ही शहरे झपाट्याने वाढली. घरांतील सांडपाणी आणि कारखान्यांतील दूषित पाणी नाल्यांतून, वालधुनीसारख्या लहान नद्यांतून उल्हास नदीत व खाडीत येऊ लागले. सांडपाण्यातील घाण कुजविण्यासाठी जीवाणूंना प्राणवायू लागतो. तो ते पाण्यातूनच घेतात. घाण थोडी असेल तर खाडी ती पचविते. ती फार झाली, की पाण्यातील प्राणवायू संपत येतो आणि मासे गुदमरतात. येथे निसर्गाचा एक विलक्षण न्याय पाहावयास मिळतो. सांडपाण्यातील खतामुळे शेवाळ मात्र माजते. १९९० नंतरच्या दशकात मुंबई-ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी मोठ्या संख्येने येऊ लागले, त्यामागे हे एक कारण असावे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या घाणीने रोहिताचे ताट भरले, त्याच घाणीने कोळ्याचे जाळे रिकामे केले. म्हणून केवळ गुलाबी थवे दिसतात, एवढ्यावरून खाडीची प्रकृती उत्तम आहे, असे समजणे बरोबर होणार नाही. एका पाहुण्याच्या पानावरून सगळ्या पंगतीची परीक्षा होत नसते.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. अन्नसाखळीत ऊर्जा पायरीपायरीने घटत जाते, हे आपण पाहिले. परंतु पाऱ्यासारखी काही विषे शरीरातून सहजासहजी बाहेर पडत नाहीत. सूक्ष्म जीवांत ती कणभर असतात; असे असंख्य जीव खाणाऱ्या माशात ती वाढतात आणि असे अनेक मासे खाणाऱ्याच्या अंगी ती आणखी साठतात. जपानमधील मिनामाता या गावी एक कारखाना अनेक वर्षे पारायुक्त पाणी उपसागरात सोडीत होता. तेथील मासे खाणारी मांजरे वेड्यासारखी धडपडून मरू लागली. १९५६ साली माणसांतील त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. हातपाय लटपटणे, दृष्टी जाणे, वाचा जाणे अशा यातना कोळी कुटुंबांनी सोसल्या. मातेच्या उदरातील बालकेही त्यातून सुटली नाहीत. कारखान्याचे पाणी हेच त्याचे कारण होय, हे सरकारने मान्य करण्यास १९६८ साल उजाडले. पंगतीच्या टोकास बसणाऱ्यास अन्न सर्वांत कमी आणि विष सर्वांत अधिक मिळते. खाडीतील मासे खाणारा माणूसही त्याच टोकास बसलेला आहे.

तिसरा धोका भरावाचा. चिखल म्हणजे पडीक जागा, अशा समजुतीने तिवरे तोडून व खाडीत राडारोडा टाकून जमीन करण्याचे प्रकार घडत आले. तिवरांबरोबर त्यांची पानगळ जाते, पानगळीबरोबर कोळंबीचे अन्न व माशांच्या पिलांचा आसरा जातो आणि मग सर्वच पाने उचलली जातात.

समाधानाची गोष्ट अशी, की याची जाणीव आता कायद्यालाही झाली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटीच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ सालच्या निकालात खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरील आघात मानला. राज्याच्या वनखात्यात २०१२ साली खारफुटीसाठी स्वतंत्र कक्ष निघाला. २०१५ साली ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर, ऐरोली व वाशी या पुलांच्या दरम्यान, सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्रावर रोहित पक्ष्यांचे अभयारण्य घोषित झाले. २०२० साली पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरला. इराणमधील रामसर येथे १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणासाठी राष्ट्राराष्ट्रांत करार झाला होता. त्या कराराच्या यादीत २०२२ साली ठाणे खाडीचे नाव दाखल झाले.

परंतु कायदा तोड थांबवू शकतो. आपल्या घरातील मोरीतून निघालेले पाणी तो एकटा शुद्ध करू शकत नाही. त्यासाठी नगरपालिकांनी, कारखान्यांनी आणि नागरिकांनी आपापला वाटा उचलावयास हवा. कोळी समाजाची रीत या बाबतीत विचार करण्यासारखी आहे. ऐन पावसाळ्यात, पुष्कळ मासे अंडी घालतात त्या दिवसांत, समुद्रावरील मासेमारी बंद ठेवावयाची आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून मगच होड्या पाण्यात लोटावयाच्या, असा त्यांचा परिपाठ आहे. ज्याच्या ताटातून आपण घेतो, त्यास पुन्हा भरण्यास अवसर द्यावा, हा त्यातील अर्थ उघड आहे.

पंगतीत बसणाऱ्याने यजमानाचे घर मळवू नये, हा साधा शिष्टाचार आपण लहानपणीच शिकतो. खाडीच्या पंगतीत आपण शेवटी येऊन बसलो आणि सर्वांत मोठे पान आपल्यापुढे मांडून घेतले. आता तिचा शिष्टाचार पाळणे, हे आपले कर्तव्य होय.

स्वाध्याय

१. तिवराची हिरवी पाने खाणारे प्राणी थोडे असूनही त्याचे अन्न इतरांपर्यंत कसे पोहोचते, ते आपल्या शब्दांत लिहा.
२. खाडीवर घारी मोजक्या आणि लहान रोहित पक्षी हजारोंनी का दिसतात? कारण द्या.
३. ‘ज्या घाणीने रोहिताचे ताट भरले, त्याच घाणीने कोळ्याचे जाळे रिकामे केले.’ या वाक्याचे स्पष्टीकरण करा.
४. ऊर्जा आणि विष यांचा अन्नसाखळीतील प्रवास कोणत्या बाबतीत परस्परविरुद्ध आहे?
५. आपल्या गावाजवळील तळे, ओढा किंवा खाडी पाहून तेथील एक अन्नसाखळी लिहा आणि तिच्यातील कोणती कडी दुबळी होत आहे, याची वडीलधाऱ्या मंडळींकडे चौकशी करा.